देवओढ्यावरचा भराव

करंजखेड्याहून सोनईला जाणारा रस्ता उंच व्हावा म्हणून सहादेव जेवढा फिरला, तेवढं गावातलं दुसरं कुणी फिरलं नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं.

गाव आणि सोनई यांच्या मध्ये देवओढा लागतो. एरवी कोरडा ठणठणीत, बाभळींनी भरलेला. त्यावर पूर्वी नुसती फरशी होती, म्हणजे ओढ्याच्या तळाला लागून केलेला काँक्रीटचा सखल पट्टा. पाणी आलं की ते रस्त्यावरून जायचं आणि माणसं काठाला थांबायची. सहादेवच्या बापाच्या काळात असं वर्षाकाठी एखाद्या वेळी व्हायचं. घटकाभर थांबलं की वाट मोकळी. अलीकडं मात्र पावसाचं तंत्रच बिघडलं होतं. जून-जुलै ढगांकडं बघण्यात जायचे आणि सप्टेंबरात एखाद्या दुपारी महिन्याचा पाऊस एकदम कोसळायचा. अशाच एका दुपारी सहादेवचा थोरला भाऊ बन्सी याला मकेत वैरण कापताना नाग चावला. ट्रॉलीत घालून त्याला फरशीपर्यंत आणलं. पाणी छातीला लागत होतं. पलीकडच्या काठाला अ‍ॅम्ब्युलन्स येऊन उभी होती, तिचा दिवा गरागरा फिरताना दिसत होता. पाणी उतरलं तेव्हा दिवस कलला होता आणि बन्सी गेला होता.

त्यानंतर सहादेवनं शेती पोरावर टाकली आणि रस्त्याचा ध्यास घेतला. नेवाशाला जा, नगरला जा, साहेब नसले तर बाकावर बसून राहा. ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं की तो भावाचं नाव सांगायचा. अखेर रस्ता मंजूर झाला. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचा मातीमुरमाचा भराव टाकून रस्ता वर उचलायचा आणि ओढ्याच्या जागी पाणी जायला सिमेंटच्या नळ्या टाकायच्या, असं ठरलं. गावातली माणसं त्याला काम सुरू व्हायच्या आधीच बन्सीचा रस्ता म्हणू लागली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. चुना न वापरता दगडावर दगड बसवून केलेलं, गाभारा जमिनीच्या खाली, चार पायऱ्या उतरून जायचं. देवळासमोर वीरगळ ओळीनं उभे आहेत. लढाईत नाहीतर गाई वाचवताना मेलेल्या माणसांचे हे दगड. खाली झुंज कोरलेली, वर तोच माणूस पिंडीपुढं हात जोडून बसलेला. त्यातल्या एकाचंही नाव गावात कुणाला माहीत नाही, तरी लग्न झालं की नवरा-नवरी आधी त्या दगडांना तेल लावतात आणि मग देवळात जातात. देवळाची पूजा नृसिंह गुरुजी बघत. ते गावच्याच शाळेत मास्तर होते. सहादेवसकट निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

रस्त्याची आखणी झाली तेव्हा ग्रामसभेत गुरुजींनीच विषय काढला होता. भराव वीरगळांच्या ओळीवरून जात होता. सहादेवला तेव्हा राग आला होता. दगडापायी रस्ता अडतो की काय, असं त्याला वाटलं. पण रस्त्याच्या ऑफिसातल्या इंजिनियर पंकजा मॅडम स्वतः येऊन जागा बघून गेल्या आणि त्यांनी रस्ता चांगला बाजूला सरकवून दिला. दगडांना धक्का लागला नाही, रस्ताही राहिला. गुरुजींनी सभेत मॅडमचे आभार मानले. पाण्याचा विचार त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आला नाही, ना गुरुजींच्या, ना मॅडमच्या, ना सहादेवच्या.

उन्हाळ्यात भराव झाला, नळ्या बसल्या, वर खडी पसरली. डांबर पावसाळ्यानंतर टाकायचं होतं. त्या साली ऑगस्ट निम्मा सरेपर्यंत पाऊसच नव्हता. मग एका दुपारी शिंगणापूरच्या बाजूनं आभाळ काळंभोर होऊन आलं आणि जे कोसळायला लागलं ते दिवस मावळेपर्यंत थांबलं नाही.

सहादेव छत्री घेऊन भरावावर जाऊन उभा राहिला. त्याला बघायचं होतं. ओढा दुथडी भरून आला आणि रस्ता कोरडाच्या कोरडा राहिला. तेवढ्यात वस्तीवरच्या एका बाळंतिणीला घेऊन जीप आली आणि न थांबता भरावावरून पलीकडं गेली. सहादेवचे डोळे भरून आले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं होतं. जीप दिसेनाशी झाली तेव्हा तो वळला, आणि त्याची नजर वरच्या अंगाला गेली.

तिथं तळं झालं होतं. पूर्वी पाणी यायचं आणि फरशीवरून उड्या मारत निघून जायचं. आता भराव बांधासारखा आडवा पडला होता. नळ्यांच्या तोंडाला उसाचं पाचट, बाभळीच्या फांद्या, कुणाचा तरी वाहून आलेला ठिबकच्या पाइपचा गुंडाळा असं सगळं अडकलं होतं. वीरगळांची नुसती टोकं पाण्यावर दिसत होती. देवळाचा गाभारा तर कधीच बुडाला होता आणि मंडपाच्या खांबांना निम्म्याच्या वर पाणी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी दोर बांधून पाचट काढलं. तरी पाणी हळूहळूच उतरत गेलं. देऊळ मोकळं व्हायला पुढचे दोन दिवस गेले. पंकजा मॅडम आल्या तेव्हा गाभाऱ्यात गुडघाभर गाळ होता. गुरुजी धोतर वर खोचून तिथंच उभे होते. त्यांनी मॅडमना मंडपाच्या पश्चिमेच्या कोपऱ्याकडं नेलं. खालच्या थरातले दगड एकमेकांपासून सुटले होते. फटीत सहज हात जात होता. वीरगळांपैकी दोन मागं कलले होते.

मॅडम बराच वेळ फिरून बघत राहिल्या. मग देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी सहादेवला आणि गुरुजींना सरळ सांगितलं. नळ्या किती आणि केवढ्या टाकायच्या, ते मागच्या पाऊसमानावरून ठरवतात. ते पाऊसमान आता राहिलेलं नाही. एवढं पाणी त्या नळ्यांतून जाणार नाही, कितीही साफ केल्या तरी. देऊळ काळ्या मातीवर उभं आहे. माती फुगली की दगड उचलतात, वाळली की बसतात. पूर्वी पाणी येऊन जायचं म्हणून ते टिकलं. साचून राहिलं तर टिकणार नाही.

“मग करायचं काय?” सहादेवनं विचारलं.

“खरं तर इथं मोठ्या गाळ्यांचा, म्हणजे खांबांमध्ये रुंद मोकळी जागा असलेला पूल पाहिजे, काका. मी प्रस्ताव पाठवते. पण तो या पावसाळ्यात होत नाही, पुढच्यात होईल असंही सांगत नाही. तोपर्यंत एकच आहे. ओढ्याच्या जागेवरचा भराव काढायचा आणि खाली पहिल्यासारखी फरशी ठेवायची.”

“म्हंजे रस्ता तोडायचा.”

“तेवढा तुकडा, हो.” मॅडम पुढं म्हणाल्या की वरच्या साहेबांशी त्यांचं फोनवर बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही; पण गावाचा ठराव पाहिजे. उद्या पाण्यानं वाट अडली आणि कुणाचं काही बरंवाईट झालं, तर त्याचा जाब कोण देणार? आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जोराच्या पावसाचा इशारा आहे, हेही त्यांनी सांगितलं.

गुरुजी सहादेवकडं बघत होते. सहादेव उठला आणि घरी निघून आला.

घरात बन्सीची बायको मुक्ताबाई शेंगा फोडत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. बन्सी गेल्यावर ती कधी कुणापुढं रडली नाही आणि रस्त्याबद्दलही कधी बोलली नाही. भराव झाल्यावर गावातल्या बायका मुद्दाम चालत जाऊन बघून आल्या, ही गेली नव्हती. सहादेव ओट्यावर टेकला. त्यानं बघितलेलं आणि ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. फटीत हात जातो, तेही सांगितलं.

“तुमाला काय वाटतं, वैनी?” त्यानं विचारलं.

मुक्ताबाईनं हातातल्या शेंगा संपवल्या. मग म्हणाली, “भाऊजी, त्यांचं नाव घेऊन तुमी रस्ता मागितला. मला कुणी इचारलं न्हाई, मी बी काही बोलले न्हाई. आता त्यांचं नाव घेऊन तोडू नका, आन त्यांचं नाव घेऊन ठेवू बी नका. त्यांना ह्यातून सोडा.”

तिनं आणखी शेंगा पुढ्यात ओढल्या आणि पुढं बोलली. “तोडायचा तर तोडा. देऊळ आपलंच हाय. पर आधी माणसाला जायला दुसरी वाट करा, मग हात लावा. पाटाच्या कडंनं वाट हाय.”

पाट म्हणजे गावाच्या वरून जाणारा कालवा. त्याच्या भरावावरून एक बैलगाडीवाट सोनईच्या अंगाला निघते, लांबून वळसा घेते, पण ओढा कालव्याच्या खालून जात असल्यामुळं तिला पाणी आडवं येत नाही. सहादेव म्हणाला, ती सगळी काळी माती आहे, पावसात तिथं चाक जागचं हलत नाही.

“ठावं हाय मला,” मुक्ताबाई म्हणाली. “त्या दिवशी बी मला तीच वाट आठवली हुती. ट्रॅक्टर रुतला असता. म्हणूनच म्हनते, मुरूम टाका.”

ती उठून आत गेली. ती इतकी वर्षं हे मनात धरून बसली होती, हे सहादेवला त्या दिवशी कळलं.

ग्रामसभेत खूप बोलणं झालं. ज्यांची पोरं रोज सोनईच्या शाळेला जातात ते भराव काढायला तयार नव्हते. काहींनी सहादेवलाच धारेवर धरलं, की तूच आणलास आणि आता तूच तोडायला निघालास. एकानं तर दगड उचलून दुसरीकडं नेऊन ठेवा म्हणून सांगितलं. त्याला गुरुजींनी उत्तर दिलं नाही, त्याच्याच म्हाताऱ्या आईनं दिलं. तिचं लग्न लागल्यावर ती कुठल्या दगडाला तेल लावून आली होती, ते तिनं भर सभेत सांगितलं. शेवटी सहादेवनं ठराव मांडला. आधी पाटाच्या वाटेवर मुरूम टाकायचा. अ‍ॅम्ब्युलन्स त्या वाटेनं एकदा रिकामी चालवून बघायची. ती पार झाली की मगच भराव फोडायचा. अट होती म्हणून ठराव मंजूर झाला, नाहीतर झाला नसता.

ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरनं मुरूम वाहायला सुरुवात झाली. कालव्याची राखण करणाऱ्या पाटकऱ्यानं वाटेवरचं फाटक उघडून दिलं. पंकजा मॅडमनी ठेकेदाराचा रोलर आणून दिला. सहादेव सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथंच असायचा. वाटेचं काम सरत आलं, फक्त सोनईच्या अंगाचा खोलगट तुकडा राहिला, आणि इशारा दिला होता त्याच्या एक दिवस आधीच पाऊस आला.

भर दुपारी गुरुजी छत्रीशिवाय पाटावर चालत आले. सत्तरी पार केलेला माणूस, अंगरखा अंगाला चिकटलेला. देवळात पुन्हा पाणी भरत होतं. ठेकेदाराचा ड्रायव्हर बजरंग जेसीबी घेऊन ओढ्याकाठी तयार होता, मॅडमही आल्या होत्या. सगळे सहादेवची वाट बघत होते.

“सहादेव, आत्ता फोडलंस तर वाचेल,” गुरुजी म्हणाले. “पश्चिमेचा कोपरा हलतोय. मी डोळ्यांनी बघून आलो.”

सहादेवनं खालच्या तुकड्याकडं बघितलं. दहा-बारा ट्रॉल्यांचं काम होतं. फार तर दिवस मावळेपर्यंतचं.

“गुरुजी, ही वाट पुरी झाली न्हाई. आत्ता भराव फोडला तर गाव दोन्हीकडून अडकतंय.”

“काही तासांचाच प्रश्न आहे.”

“बन्सीभाऊला बी तेवढेच तास लागले,” सहादेव म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला वैनीचं बोलणं आठवलं आणि त्यानं मान खाली घातली. “त्याचं नाव घ्यायला नको हुतं मी. पर ठराव झालाय, गुरुजी. मला ही वाट पुरी करू द्या.”

गुरुजी वाद घालत बसले नाहीत. आले तसे चालत परत गेले. सहादेवनं ट्रॅक्टरवाल्यांना हाका मारल्या आणि स्वतः फावडं घेतलं. पावसात ओला मुरूम जड झाला होता. रोलरवाला घसरेल म्हणून पुढं यायला कां-कूं करत होता, त्याच्यापुढं सहादेव स्वतः चालत राहिला. त्याच्या मनात सारखं देवळाचं चित्र येत होतं. लहानपणी वीरगळावरचा तो वरचा माणूस हात जोडून बसलेला बघून, हा कुणाची तरी माफी मागतोय, असं त्याला वाटायचं. ती माफी नव्हे, मेलेल्या माणसाला देवाजवळ जागा मिळालेली आहे, हे त्याला गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं.

काम निम्म्यावर आलं असेल, तेव्हा ओढ्याच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता. ट्रॉलीतून दगड ओतावेत तसा. फावडी थांबली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. सहादेव मुरमाच्या ढिगावर बसला, मग उठला आणि पुन्हा ओढू लागला.

अ‍ॅम्ब्युलन्स आली ती दिवस अगदी बुडायला आल्यावर. मुक्ताबाईही पदर डोक्यावर घेऊन पाटावर येऊन उभी राहिली होती. गाडी सावकाश, डावी-उजवी डुलत खालच्या तुकड्यातून गेली. एकदा मागचं चाक थोडं खचलं आणि निघालं. गाडी पलीकडं डांबरी रस्त्याला लागली तसं सहादेवनं मॅडमना फोन लावून ‘झालं’ एवढंच सांगितलं.

तिकडं बजरंगला वाटत होतं, एकाच घावात भराव मोकळा करावा. मॅडमनी करू दिलं नाही. पाणी एकदम सुटलं तर देवळाखालची माती ओढून नेईल आणि खालच्या अंगाचं उभं पीकही, म्हणून त्यांनी जेसीबीच्या दिव्यात शेजारी उभं राहून वरून थोडा थोडा थर काढायला लावला. सहादेव पोहोचला तेव्हा पाणी भरावातल्या खाचेतून जायला लागलं होतं. आपण मागून आणलेल्या भरावाचा मुरूम त्या पाण्याबरोबर तांबडा होऊन जाताना तो बघत राहिला. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो फार दमला होता.

पश्चिमेचा कोपरा गेला होता. मंडपाचा एक खांब, त्यावरची तुळई आणि छताच्या दोन शिळा. गाभारा शाबूत होता. कललेल्या वीरगळांपैकी एक आडवा पडून मधोमध दुभंगला होता. बाकीचे उभे होते. पाणी त्या रात्रीतच ओसरलं, आणि मॅडमचं म्हणणं पडलं की ते आणखी एक दिवस राहिलं असतं तर मंडप पुरता बसला असता.

पुढं बरेच दिवस गुरुजी सहादेवशी बोलले नाहीत. देवळात गेल्यावर तो पुढं आला की ते आत निघून जायचे. हे मुक्ताबाईच्या कानावर गेलं. एका सोमवारी ती बेल घेऊन गेली आणि गुरुजींना म्हणाली, “वाट आधी करा, हे मी सांगितलं हुतं. राग आसंल तर माझ्यावर धरा.”

“राग आहे,” गुरुजी म्हणाले. “पण तुमच्यावर नाही आणि त्याच्यावरही नाही. तो धरायचा कुणावर, ते मला सापडत नाहीये. म्हणून बोलत नाही.”

तिनं घरी येऊन सहादेवला हे जसंच्या तसं सांगितलं. सहादेव दुसऱ्या दिवशी पहार आणि दोर घेऊन देवळात गेला. गुरुजी पडलेल्या दगडांवर रंगानं आकडे टाकत होते, कुठला दगड कुठं होता ते पुढं कळावं म्हणून. दोघांनी मिळून तुळई हलवली. त्या वेळी ‘इकडं धर’, ‘सोड’, ‘सांभाळ’ एवढं बोलणं झालं, आणि मग हळूहळू बाकीचंही व्हायला लागलं.

सप्टेंबरात ओढ्याला आणखी दोनदा पाणी आलं. दोन्ही वेळा ते फरशीवरून सरळ निघून गेलं आणि देवळाच्या पायऱ्यांच्या वर आलं नाही. पोरांची शाळा तेवढे दिवस बुडली. एका लहान मुलाला न्यूमोनिया झाला, त्याला पाटाच्या वाटेनं नेलं. वेळ लागला, पण पोचलं आणि बरं होऊन आलं. पाऊस झाला की सहादेव आधी आपला ट्रॅक्टर त्या वाटेवरून फिरवून आणतो आणि जिथं खड्डा पडला असेल तिथं पाटी-दोन पाट्या मुरूम टाकतो.

दिवाळीनंतर पंकजा मॅडम नव्या मोजणीला आल्या. या वेळी त्यांनी मोजपट्टी सगळ्यात आधी देवळाच्या जोत्याला लावली आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं त्या खुणा गावातल्या माणसांकडून दाखवून घेतल्या. नव्या नकाशात देऊळ, वीरगळ आणि पाण्याची रेघ तिन्ही आहेत. मोठ्या गाळ्यांचा पूल दाखवलाय. मंजुरी यायची आहे.

ती कधी येते म्हणून सहादेव पुन्हा नगरला ऑफिसात जाऊन बसू लागला. तिथल्या एका साहेबांनी त्याला ओळखलं. ते हसून म्हणाले, “तुम्हीच ना ते? आधी रस्ता उंच करा म्हणून आलात, मग तुमच्याच गावाचा तोडायचा ठराव आला. आता काय पाहिजे?”

“आता पूल पायजे, साहेब,” सहादेव म्हणाला. “वरून माणूस जाईल आन खालून पानी जाईल, असा.”

साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर फाईल बघू म्हणाले. सहादेवनं डबा आणलेला होता.